उपाशी पाणी

हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं धुऊन वाफेवर निर्जंतुक करतात, त्या खोलीत त्याने सव्वीस वर्षं काढली. सगळे त्याला 'उकळे' म्हणत. नवीन नर्सेसना ते आडनावच वाटे. एकीने तर चिठ्ठीवर 'श्री. उकळेसाहेब' असं लिहूनही पाठवलं होतं. पण दोनदा धुतल्याशिवाय एकही कात्री त्याच्या हातून वर गेली नव्हती, हे खरं.

लग्न त्याने केलं नाही. जीव होता तो धाकट्या भावावर, आणि दोघांनी मिळून उभारलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर. टाकी याच्या बैठकीत, भिंतभर. धाकटा आणि त्याची बायको खालच्या मजल्यावर. प्रवाळ वाढवायचं वेड धाकट्याचं. खडकावर बोटभर तुकडे चिकटवून तो त्यांना पोरासारखं जपायचा. थोरल्याकडे काचा पुसायचं आणि मीठ मोजून पाणी तयार करायचं काम.

धाकट्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात झालं. घरी आल्यावर जखम चिघळली आणि अकराव्या दिवशी तो गेला. चौकशी झाली. हत्यारांत दोष नव्हता, असं कागदावर आलं. थोरल्याने कागद वाचला, पण त्याच्या मनाला ते पटलं नाही.

त्याच महिन्यात टाकीत केसांसारखं हिरवं शेवाळ माजलं. खडक दिसेनात. तो हात धुऊन त्याच्या मागे लागला. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, दगडन्‌दगड ब्रशने घासला, दर दोन दिवसांनी पाणी बदललं, शेवाळाचं खाद्य शोषून घेणारी पावडर गाळणीत भरली. चार महिन्यांत शेवाळाचा मागमूस उरला नाही. तपासणीच्या नळीत त्या खाद्याचा, नायट्रेट-फॉस्फेटचा, रंगच उमटेना. तरी तो घासतच राहिला.

मग एका सकाळी वाळूवर तपकिरी, बुळबुळीत थर दिसला. त्यातून शेंबडासारखे धागे लोंबत होते, टोकांना हवेचे बुडबुडे. पुसला की दुपारपर्यंत परत हजर. गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या, प्रवाळांचे रंग उडाले.

शेवटी बाटलीभर पाणी घेऊन तो हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतल्या बाईंकडे गेला. बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, दोन दिवस वाचन केलं आणि त्याला बोलावून घेतलं.

"उकळे, तुमचं पाणी उपाशी आहे. या तपकिरी थरातल्या जिवांशी टक्कर देणारे बाकीचे सगळे तुम्ही धुऊन काढलेत. यांना रान मोकळं मिळालं. आता तीन दिवस दिवे बंद, टाकी चादरीने झाका. नंतर माशांना पोटभर घाला. घासू नका, पाणी बदलू नका. थोडी घाण होऊ द्या."

"घाण होऊ देऊ?"

"हो. जमेल?"

जमेना. दुसऱ्याच संध्याकाळी तो बादली आणि ब्रश घेऊन टाकीपाशी उभा होता. धाकट्याची बायको वर आली तेव्हा चादर अर्धी निघाली होती.

"दादा, ठेवा ती बादली."

"एकदाच. हलक्या हाताने."

तिने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. "तुम्हाला वाटतं ना, एखादी कात्री नीट धुतली गेली नाही म्हणून?"

त्याने बादली खाली ठेवली. आठ महिन्यांत हे कुणी तोंडावर बोललं नव्हतं.

"त्यांना तीन दिवस ताप होता," ती म्हणाली. "मला म्हणाले, दादाला सांगू नकोस, तो अख्खं हॉस्पिटल डोक्यावर घेईल. आणि मी नाही सांगितलं. एक जिना चढायचा होता, दादा. एकच."

तुझी चूक नाही, असं काही त्याला म्हणता आलं नाही. तसले शब्द त्याला कधीच सुचत नसत. तो म्हणाला, "ओरडलो असतोच मी. माझा स्वभावच तो. म्हणून लपवलं त्याने." मग विचारलं, "जेवलीस?"

"नाही."

त्याने चादर पुन्हा नीट ओढली आणि दोघांपुरतं गरम करायला आत गेला.

टाकी लगेच सुधारली नाही. सात आठवडे लागले. माशांना खायला ती घाली, कारण त्याचा हात आखडायचा. काचेवर हिरवी साय धरली तेव्हा त्याने बाईंना फोन करून विचारलं, "पुसू?" "समोरची काच तेवढी," बाई म्हणाल्या. तोवर तपकिरी थर विरत चालला होता.

एकोणीसपैकी सात प्रवाळं जगली. धाकट्याचं लाडकं जांभळं त्यांत नव्हतं. त्याचा पांढरा सांगाडा दोघांनी तिथेच राहू दिला. आता त्याच्या फटीत एक लहान खेकडा राहतो. मागच्या काचेवर पुन्हा हिरवे केस उगवलेत आणि एक मासा दिवसभर ते कुरतडत असतो. रविवारी ती वर येते आणि नवे तुकडे खडकावर चिकटवते. असल्या बारीक कामाला तिचा हात त्याच्यापेक्षा चांगला आहे.