फोनले ताप शे

फोन कोण पाहत होतं, हे अक्का कधीच आधी विचारायची नाही. आधी हात लावायची. फोन उचलायची, पालथा करायची, त्याच्या पाठीवर तळहात ठेवायची आणि डोळे मिटायची. लेकराच्या कपाळाला हात लावून बघतात ना, तसं. मग डोळे उघडून मला आणि माझ्या बहिणीला, चिऊला, आळीपाळीनं निरखायची आणि म्हणायची, "फोनले ताप शे. खरं सांग, कोन देखी ऱ्हायंतं?"

तिच्या त्या बघण्यात काय होतं काय माहीत, पण ज्यानं दिवसभर फोनला हातही लावला नाही त्यालाही वाटायचं, जाऊ दे, आपणच पाहिला असेल. तिचा संशय फक्त फोनवरच नव्हता. टीव्ही बंद असला तरी येता-जाता त्याच्याखालच्या केबलच्या डब्यावर हात ठेवून जायची. शेजारचे काका पेपर वाचायला आले, तर ते उठल्यावर खुर्चीवर राहिलेला त्यांचाही फोन तिनं तपासून दिला होता. काका हसले. पण दुसऱ्या दिवसापासून फोन घरी ठेवून यायला लागले.

अक्का म्हणजे पप्पांची मोठी बहीण. दिली होती धुळ्याला. तिच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या फुवांची तिथं केळीची वखार होती. रावेरकडून ट्रकनं कच्ची केळी यायची, बंद खोलीत त्यांची भट्टी लावायची, वरून बारदान टाकायचं आणि पिकेपर्यंत वाट बघायची. वाट फुवा बघायचे. हात अक्का घालायची. बारदानाखाली कोपरापर्यंत हात सारून ती सांगायची की हा ढीग उद्या काढा, त्याला अजून राहू द्या. ऊब धरली तर केळी पिकली, जास्त तापली तर आतल्या आत सडली. फुवा गेले, वखार गेली, पण केळीच्या चिकाचे काळे डाग तिच्या तळहातावरून गेले नाहीत. आणि एक गोष्ट तिच्या डोक्यात कायमची बसली. वरून गप्प पडलेली वस्तू जर गरम लागली, तर आत नक्की काहीतरी चालू शे.

ती आमच्याकडे जळगावात, पिंप्राळ्याला आली ती आठ दिवसांसाठी. सोबत एक पिशवी, एक बटनांचा फोन आणि शेंगदाण्याची चटणी. आठ दिवसांनी पिशवी परत भरली गेली नाही. धुळ्याला मुलगा होता, सून होती, सोनू नावाचा नातू होता, तरी ही इथं का राहतेय, याचा मला पहिल्यापासून संशय होता. मोठ्या माणसांना विचारलं की ते चहा प्यायला लागायचे.

तोवर आमच्या घरात फोनचे नियम नव्हते असं नाही. पप्पांनी केले होते. एका व्हिडिओत कोणीतरी सांगितलं की मुलांना शिस्त लावा, म्हणून त्यांनी आम्हाला समोर बसवून तो अख्खा व्हिडिओ दाखवला आणि मग पुढचाही पाहिला. जेवताना फोन नाही, अभ्यासाआधी फोन नाही, अर्ध्या तासाच्या वर फोन नाही. नियम मोडणारा पहिला माणूस त्याच दिवशी जेवताना सापडला. चटईच्या कंपनीत शिफ्टचा मेसेज येतो, असं त्याचं म्हणणं होतं. शिफ्टचा मेसेज बघून माणूस इतका हसत नाही.

अक्कानं हे सगळं दोन-चार दिवस गपचूप पाहिलं. मग एके दिवशी भाकरी थापता थापता तिनं तिचे नियम सांगितले. फोन शिलाई मशीनवर राहील. ज्याला पाहिजे त्यानं मागून घ्यायचा. पाहायचा तो पुढच्या खोलीत, आणि पाहणाऱ्यानं अक्काकडे पाठ करून बसायचं. उलटं नाही. तोंड तिच्याकडे असलं की फोनची पाठ दिसते, आत काय चाललंय ते कळत नाही. पाठ तिच्याकडे असली की खांद्यावरून सगळं दिसतं. म्हणून आमच्या घरी संध्याकाळी कोणी आलं तर त्यांना वाटायचं, या घरातली माणसं म्हातारीवर रुसलीत. पप्पासुद्धा पाठ करून. पन्नाशीचा माणूस, भिंतीकडे तोंड.

पण खरा जाच पुढं होता. पाहून झालं की फोन मशीनवर ठेवायचा, अक्कासमोर यायचं, आणि काय पाहिलं ते सांगायचं. नुसतं "कॉमेडी होती" चालायचं नाही. कोण आलं, काय बोललं, कसं बोललं. अडखळलं की ती भाकरी तव्यावर टाकत म्हणायची, "जे सांगाले येस नई, ते तू देखंच नई." आणि दुसऱ्या दिवशी फोन बंद. चिऊ हुशार, ती रांगोळीचे व्हिडिओ बघायची आणि पिठात बोटानं काढून दाखवायची. माझी पंचाईत. मी बघायचो ती पोरं नुसती पडायची, नाचायची, तोंडं वाकडी करायची. ते सांगणार कसं? मग मी करूनच दाखवायला लागलो. पडलो, नाचलो, तोंड वाकडं केलं. अक्का हसता हसता खोकायला लागली. त्या दिवसापासून मी तिचा नकल्या झालो. आज कॉलेजच्या गॅदरिंगला मी सरांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांचे आवाज काढतो, तो धंदा मूळचा एका तव्यासमोर सुरू झालेला आहे.

काही दिवसांनी नकलेला व्हिडिओतली माणसं पुरेनात. मी पेपर वाचायला येणारे काका करायला लागलो, पप्पा करायला लागलो. आणि अक्का शेजारी गेली की तीच करायचो. फोन उलटा, हात पाठीवर, डोळे बंद. आई म्हणायची, अरे तिनं पाहिलं तर. तिनं एकदा दारातून पाहिलंच. ती आत आली, माझा हात धरून फोनवरचा तळहात जरा वर सरकवला आणि म्हणाली, ताप इथं बघायचा असतो, खाली नाही.

पप्पांचं डोकं वेगळ्या दिशेनं चाललं. एकदा अक्का मेथी घ्यायला फ्रीज उघडते तर मेथीच्या जुडीखाली पप्पांचा फोन. तिनं तो काढला, पाठीवर हात ठेवला, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून उभी राहिली. पप्पा दाढी करत होते, आरशातून बघत होते. अक्का म्हणाली, "बापू, याले थंडी वाजी ऱ्हायनी. पांघरून टाक." पप्पांनी अर्धी दाढी तशीच ठेवून आम्हाला अभ्यासाला बसवलं.

तिच्या हाताची पंचाईत केली ती मे महिन्यानं. जळगावच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी चटका देतं, गाडीच्या सीटवर बसवत नाही, तिथं फोन एकटा थंड कसा राहील? पण अक्काचा हात ते मानायला तयार नव्हता. एका दुपारी तिनं मशीनवरून फोन उचलला, आणि चिऊकडे बघितलं. चिऊ म्हणाली, मी हात नाही लावला. अक्का म्हणाली, फोन तर तापलाय. चिऊ परत म्हणाली, नाही लावला. अक्कानं मान हलवली, म्हणजे विश्वास नाही. चिऊ तेव्हा पाचवीत होती आणि खोटं बोलायचं ते माझं खातं होतं. ती रडली नाही. पण संध्याकाळी अक्काच्या ताटाशेजारी बसली नाही, आईजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी बघतो तर अक्का मशीनपाशी उभी. तिनं फोन खिशात घालतात तसा कनवटीला खोचला होता आणि मशीनवरची कात्री हातात घेऊन डोळे मिटले होते. मग रिळाचा डबा. मग आईची टेप. खिडकीतून उन्हाचा पट्टा सरळ मशीनवर पडत होता. सगळ्याच वस्तूंना ताप होता. माफ कर वगैरे तिच्या भाषेत नव्हतंच. तिनं फोनची जागा बदलून देवाच्या फळीखाली केली, आणि रात्री चिऊच्या ताटात शेवभाजीतली शेव जास्त पडली. चिऊनं ती खाल्ली, पण हिशोब मिटवला नाही.

तिला संधी मिळाली ती अक्काच्या स्वतःच्या फोनमुळे. रोज दुपारी जेवणं झाली की अक्का बटनांचा फोन घेऊन मागच्या ओट्यावर जायची आणि दार ओढून घ्यायची. बराच वेळ बोलायची. आत आली की तोंड धुवायची. आम्हाला संशय होताच. ज्या घरात पप्पांचा मेथीखालचा फोन सापडतो, तिथं हिला दार ओढून बोलायची सवलत कोणी दिली? एक दिवस अक्का आत आली आणि चिऊ उभीच होती. चिऊनं तिच्या हातातून फोन घेतला, पालथा केला, तळहात ठेवला, डोळे मिटले. अगदी बरोबर जागी.

"अक्का, फोनले ताप शे. खरं सांग."

आई ओरडणार होती, पण अक्कानं हातानं थांबवलं. नियम तिचाच होता. काय ऐकलं, कोण काय बोललं, करून दाखवायचं. ती खाली बसली. एक हात कानाला लावला आणि आपल्याच आवाजात म्हणाली, सोनू, जेवला का रे? मग मान खाली घातली, दोन्ही अंगठे भराभर हलवले आणि पोराच्या आवाजात म्हणाली, "हां आजी." परत हात कानाला. शाळेत काय शिकवलं? परत अंगठे. "हां आजी." आज तुझ्या आजोबांची आठवण आली बघ. "हां आजी. हां आजी."

मी खो खो हसलो. नक्कल फर्स्ट क्लास होती, माझ्यापेक्षा सरस. चिऊपण हसली. मग अक्का म्हणाली, "मी बोलस, तो हां म्हनस. मांगे गोया चालाना आवाज येस." तिकडून गेममधल्या गोळ्या सुटायचा, गाड्या आपटायचा आवाज येत असतो, तो आवाज थांबतो का, याची ती रोज वाट बघायची. धुळ्याच्या घरात तर ती समोर बसलेली असताना असंच चालायचं. तिथं ती काही बोलली की तिघांतून एकानंही मान वर केली नव्हती. म्हणून ती आठ दिवसांसाठी आली होती. हे सगळं तिनं शेंगा सोलत सांगितलं, कोणाची तक्रार करतोय असं न वाटू देता. आम्ही हसायचं थांबलो होतो. चिऊनं अक्काचा फोन अक्काच्याच पदरानं पुसून तिच्या हातात दिला.

तेव्हा कुठं मला कळलं की हिला त्या डब्याच्या आत काय चालतं याची भीती नव्हतीच. आपण बोलतोय आणि समोरचा ऐकत नाहीये, याची होती.

दिवाळीनंतर अक्काच्या सुनेचं ऑपरेशन निघालं आणि मुलगा न्यायला आला. आम्हाला वाटलं ती नाही म्हणेल. तिनं पिशवी भरली. पप्पा म्हणाले, अक्का, तिकडे कोणी ऐकणार नाही तुझं. ती म्हणाली, इथं तरी पहिल्या दिवशी कोण ऐकत होतं, बापू. रिक्षात बसताना तिनं माझ्या शर्टाच्या खिशावर हात दाबला. खिसा रिकामा होता. समाधानानं गेली.

नंतर मीच आळशी झालो. बारावी, कॉलेज, स्वतःचा फोन. मधूनमधून व्हिडिओ कॉल करायचो. सोनू फोन धरायचा, अक्का पलंगावर. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पलंगावरच होती. शेवटच्या कॉलला मी नवीन मास्तरांची नक्कल करत होतो, तर तिनं मध्येच सोनूच्या हातातला फोन घेतला. पडदा काळा झाला, म्हणजे तळहात आला असणार. आवाज तेवढा आला, "आठला फोन तापना. तठला बी तापना व्हई. ठेव आते. येवानं व्हई त ये."

इथला फोन तापलाय, तिथलाही तापला असेल, यायचं असेल तर ये. म्हणून मी एसटीनं धुळ्याला गेलो. दारातून आत बघतो तर अक्का पलंगावर, आणि पलंगाच्या खाली सोनू तिच्याकडे पाठ करून फोनमध्ये डोकं घालून बसलेला. मला असा राग आला. इतकं होऊनही हा गाढव तिच्याकडे पाठ करून बसलाय. मी त्याला काहीतरी बोलणार, तेवढ्यात लक्षात आलं की अक्काची मान उचललेली आहे, आणि ती त्याच्या खांद्यावरून बघतेय.

मी जवळ गेलो. तिनं आधी माझ्याकडे नाही, माझ्या खिशाकडे हात नेला. बाहेरून चाचपून डोळे मिटले. "थंडा शे. बठ." मग सोनूनं फोन खिडकीत ठेवला, तिच्याकडे तोंड केलं आणि पाहिलेलं करून दाखवायला लागला. अगदीच वाईट करत होता. आवाज एक, हातवारे तिसरेच. अक्कानं माझ्याकडे तिरकं बघितलं, सोनूच्या पाठीवर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाली, "कच्चा शे अजून. पन ऊब धरी ऱ्हायना."

त्या भेटीनंतर अक्का फार दिवस राहिली नाही.

आता सोनूचा फोन येतो. स्वतःहून करतो. कॉलेजात काय झालं, वर्गात कोण काय बोललं, सगळं आवाज काढून सांगतो. बरा करायला लागलाय. कधी बोलता बोलता अक्काचा विषय निघतो, मग तो नाक ओढतो आणि म्हणतो, "दादा, ठेवतो. फोन तापला." परवा थंडीत, बोलायला लागून चार वाक्यं झाली नव्हती, तेव्हाही असंच म्हणाला. धुळ्यात त्या दिवशी अंगात स्वेटर होता त्याच्या, व्हिडिओत दिसत होता. मला संशय आला. पण मी विचारलं नाही. मीही म्हटलं, हो रे, माझाही तापलाय, आणि ठेवून दिला.