सांगावा डॉक्टर

आमचे डॉक्टर काचेवरच्या पेशींशी बोलायचे. नव्वदच्या दशकात मंगळवार पेठेतल्या त्यांच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते ओरडले, "तुम्हाला कुणी बोलावलं हितं?" मला वाटलं, मलाच म्हणाले. मी मुकाट्याने खोलीबाहेर जाऊन उभी राहिले.

शाहूवाडीकडे दुसऱ्याच्या खाचरात आईवडिलांबरोबर भाताची लावणी करत ते शिकले होते. लांब पुण्यात असलेल्या मित्राकडून इंग्रजी लेखांच्या झेरॉक्स मागवायचे आणि जेवणाच्या सुट्टीत आम्हाला आपल्या भाषेत सांगायचे. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्या निरोपाच्या रसायनांना सायटोकाइन म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ते त्याला 'सांगावा' म्हणत, म्हणून आम्ही त्यांच्यामागे त्यांनाच 'सांगावा डॉक्टर' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

माझा थोरला भाऊ, दादा, शिरोलीला फौंड्रीत ओतकामाचे वाळूचे साचे भरायचा. दहा-बारा वर्षं त्याला अधूनमधून रक्ताचे जुलाब व्हायचे. घरात सगळ्यांनी मूळव्याध ठरवून टाकलेली, झाडपाला चालू. डॉक्टरांनीच हट्टाने त्याला दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं आणि मोठ्या आतड्याची जुनी सूज निघाली. पण रक्त थांबलं की दादा गोळ्या बंद करायचा. "दुखत न्हाय, मग कशाला?"

डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं. "गावात घर पेटलं की सांगावा धाडतात. माणसं येतात, आग विझवतात, भिंत बांधून देतात. काम झालं की त्यांना 'जावा आता घरी' म्हणायला लागतं. तुझ्या आतड्यात ते म्हणायचंच ऱ्हायलंय. 'वाढा, मरू नका' असा सांगावा रोज चाललाय. त्यात एखादी बिघडलेली पेशी असली तर तीबी तेच ऐकते आणि वाढत बसते. तिथनं कॅन्सर हुतो. दुखंना म्हणून सांगावा थांबला असं न्हवं. वर्षाला दुर्बीण घालायचीच."

पहिल्या वर्षी दुर्बिणीतून काढलेल्या दादाच्या आतड्याच्या तुकड्याचा रिपोर्ट आला: सूज आहे, बिघाड नाही. खाली डॉक्टरांची सही. आम्ही निर्धास्त झालो.

दुसऱ्या वर्षी काच बघताना डॉक्टर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "गेल्या साली ठेवलेली काच काढ." दोन्ही काचा त्यांनी आळीपाळीने कितीतरी वेळ बघितल्या. कॅन्सर होता. लहान होता, पण होता.

आतडं काढावं लागणार, पोटावर शौचाची कायमची पिशवी बसणार, हे कळल्यावर दादा हटूनच बसला. "पिशवी लावून साच्यापुढं उभा ऱ्हाऊ व्हय? मेलो तरी चालंल." वहिनी रडून थकली, मी पाया पडले. त्याच्या हट्टापायी आम्ही त्याला गमावणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आमच्या घरी आले. सतरंजीवर दादासमोर बसले आणि म्हणाले, "ह्याची सुरुवात गेल्या सालीच हुती. पेशी बिघडाय लागल्या हुत्या. सुजेतबी पेशी तशाच वेड्यावाकड्या दिसत्यात, म्हणून मी सूज समजून सोडलं. चूक माझी हाय."

जुनी काच त्यांच्याशिवाय कुणीही मागितली नव्हती. ते गप्प बसले असते तर जगात कुणाला कळलं नसतं. एवढा मोठा माणूस आमच्या सतरंजीवर मान खाली घालून बसला होता. त्यांच्याइतका मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

दादाने विचारलं, "आणि आता? आता खात्री हाय?"

"हाय. पुण्यालाबी काच दावून आणतो. पण हाय."

"मग काढा की," दादा म्हणाला. "स्वतःची चूक सांगाय घरापतोर आलेला माणूस खोटं कशाला बोलंल?"

ऑपरेशन झालं. दादा पुन्हा फौंड्रीत गेला, साच्यापुढे उभा राहिला.

काही वर्षांनी डॉक्टर हृदयविकाराने अचानक गेले. दादा ड्यूटीवरून तसाच आला, अंगावर काळी वाळू घेऊन, आणि थेट खांदा द्यायला पुढे झाला. पिशवी असलेल्या माणसाने जड उचलायचं नसतं. मी घाबरून त्याचा हात धरला.

"सोड," तो म्हणाला. "ह्येंचं वझं उचलणार."