बसण्याचा कागद

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेवढ्या भांडवलावर दुसऱ्यांच्या छातीविषयी लिहायला बसलो आहे, याबद्दल आधीच माफी मागतो.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. सरकारी दवाखान्यात बिडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना दर बुधवारी एका खोलीत मदत मिळू लागली. लोकांना तिकडे पाठवायचं काम आमच्या कॉलेजनं अंगावर घेतलं. प्राध्यापकांनी तंबाखूच्या दुष्परिणामांवर तासभर भाषण दिलं आणि थकवा घालवायला प्रयोगशाळेमागे जाऊन सिगारेट ओढली. पत्रक मी लिहिलं : "धूम्रपानाचा परित्याग करून आरोग्याचा अंगीकार करावा." आमच्या वस्तीत सगळे बिडी पीत, धूम्रपान कोणीच करत नव्हतं.

पहिलं पत्रक बाबांना वाचून दाखवलं. बाबा गवंडी. जरीपटका भागात नवीन घरं उठत होती, तिथे कामाला जात. परांची चढताना त्यांना धाप लागे, मधेच थांबून खोकत. मुकादमानं त्यांना खाली उतरवून विटा भिजवायला लावलं होतं. त्यानंतरची पायरी म्हणजे घरी बसणं.

"समजलं का, बाबा?"

"आवाज चांगला हाय तुहा," बाबा म्हणाले आणि बिडी पेटवली.

तीन बुधवार असेच गेले. चौथ्या बुधवारी ते दवाखान्यात आले, ते माझं मन राखायला. खोलीत एक बाई बसत. आता भाषण होणार म्हणून मी वही उघडली. बाईंनी एवढंच विचारलं, "काका, दिवसातून बिडी कधी कधी पिता?"

"मुकादम बसू देते तवा."

"आणि नाही प्यायली तर?"

"त कोन बसू देते, बाई? बिडीवाल्याले बसाची मुभा हाय. नुसता बसला त आळशी."

मी उघडलेली वही मिटली. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

बाईंनी तलफ आली की फुटाणे खायला सांगितले. बाबांनी दोन दिवस पाळलं. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो, तर बाबा विटांवर बसून फुटाणे खात होते आणि मुकादम समोर उभा.

"काहून गा, बिडी सोडली न तू? मंग कायले बसून राहिला? उठ!"

मी पुढे होऊन त्याला पत्रक दिलं. त्यानं त्याची सुरळी केली आणि त्या सुरळीनं कान कोरला. "कालेजवाले साहेब, स्लॅब टाकाच्या दिवशी या. घमेले उचलाले मानसं कमी हायेत." सगळे हसले. बाबाही हसले. संध्याकाळी त्यांनी बिडी पेटवली.

पुढच्या बुधवारी मी एकटाच बाईंकडे गेलो आणि बाबांची तक्रारच केली. त्या म्हणाल्या, "बिडी सोडा म्हणालात. पण दोन घटका बसायचं कसं, ते सांगितलंत का?" मग त्यांनी दवाखान्याच्या कागदावर लिहिलं : दिवसातून चार वेळा, बसून, फुटाणे. खाली डॉक्टरांची सही घेतली आणि गोल शिक्का मारला.

मुकादमानं कागद उलटा धरूनच पाहिला. शिक्का मात्र दोनदा निरखला. "सरकारी हाय म्हंजे बस," तो म्हणाला. आरोग्याच्या अंगीकारात शिक्क्याची उणीव होती, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

नंतर परीक्षा आली. मी महाल भागात मित्राच्या खोलीवर राहायला गेलो, महिनाभर घरी फिरकलो नाही. पेपर लिहिताना बाबांचा खोकला ऐकू येई. शेवटचा पेपर देऊन निघालो, तर शेजारचे काका, बाबांच्याच कामावरचे, सायकल घेऊन फाटकाशी उभे दिसले. मी धावतच त्यांच्याकडे गेलो.

"आठ जन त्या बाईच्या दारात लाइन लावून राहिले, गा," ते म्हणाले. "साऱ्याइले बसाचा कागद पाह्यजे. बाई म्हनते, पयले बिडी सोडा. तिघाइनं सोडली बी."

"आणि बाबा?"

"त्याले बिडी सोडून महिना झाला. आज दुसऱ्या माळ्यावर भिंत बांधून राहिला. चढतानी कुठीच नाही थांबला."