बाबांचे हातमोजे

इथल्या मेट्रोच्या, एमआरटीच्या, डब्यातला एसी बाबांना सोसेना, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपला नाशिकचा इलाज काढला. पेपरची घडी शर्टाच्या आत, थेट बनियनवर. जरा हलले की छातीतून कुरकुर आवाज यायचा. समोरची चिनी आजी टक लावून बघत होती. माझी मुलगी माझ्या कानात तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा पुट पेपर इनसाइड फॉर व्हॉट, लाह?"

"थंडीत गाडी चालवायची तर छाती आधी झाकायची," बाबांनी तिला मराठीतच समजावलं. "वारं पेपरातून आत जात नाही. हातांचंच तेवढं राहून गेलं माझ्या."

मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. बाबांच्या तोंडून गाडी हा शब्द निघाला की मी अशीच नजर चुकवायची.

गाडी म्हणजे त्यांची जुनी मोटारसायकल. आई गेल्यापासून बाबा रोज पहाटे तिच्यावरून गंगापूर रोडला जायचे, मित्रांच्या चहाच्या कट्ट्यावर. डिसेंबर-जानेवारीतसुद्धा सुट्टी नाही. बनियन, पेपर, स्वेटर, मफलर, कानटोपी, असा सगळा सरंजाम करून निघायचे. मागच्या थंडीत धुक्यात पडले. मनगटाला प्लास्टर. "बोटं गारठली होती गं, ब्रेक दाबलाच गेला नाही. हातमोजे असते तर काही झालं नसतं." सत्तरी ओलांडलेला माणूस पडतो आणि खापर कशावर फोडतो, तर हातमोज्यांवर! इकडे माझी झोप उडालेली.

म्हणून ते दोन महिने आमच्याकडे परदेशात, चोआ चू कांगला राहायला येणार असं ठरलं, तेव्हा मीच दादाला फोन केला. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, नाशिकला बाबांबरोबरच राहतो.

"बाबा इकडे असतील तोवर गाडी विकून टाक."

"अगं, त्यांना विचारू तरी."

"विचारलं की संपलं. तुझ्याच्यानं होत नसेल तर तसं सांग."

मी अशीच बोलते, लहानपणापासून. आणि दादा ऐकतो, तोही लहानपणापासून.

बाबा येऊन तीन आठवडे झाले असतील. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि दादाचा फोन आला. "गेली गाडी," एवढंच म्हणाला. मी फोन ठेवला, तर बाहेरून बाबा विचारतायत, "दादा होता का गं? गाडी सुरू करतोय ना रोज? बॅटरी उतरेल नाहीतर."

"हो, करतोय म्हणाला," मी म्हणाले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. पोळी मात्र तव्यावर जळली.

त्यानंतर बाबांचा उत्साह बघवेना. संध्याकाळी आमच्या ब्लॉकखालच्या पार्किंगमध्ये जाऊन मोटारसायकली न्याहाळत बसायचे. इथले लोक जॅकेट उलटं घालून गाडी चालवतात, पुढची बाजू मागे आणि पाठ छातीवर, म्हणजे चेनमधून वारं घुसत नाही आणि पाऊसही लागत नाही. ते बघून तर बाबा हरखूनच गेले. "काय डोकं आहे बघ! आणि आम्ही आयुष्यभर पेपर कोंबत बसलो."

एका रविवारी म्हणाले, "चल, मला हातमोजे घेऊन दे. या थंडीत पुन्हा पडायचं नाही मला."

घेऊन गेले त्यांना. दुकानातल्या काकांनी विचारलं, कुठली बाइक? बाबांनी आपल्या इंग्रजीत तिचं वर्ष, मॉडेल, अॅव्हरेज, सगळं सांगितलं. मग हातमोजे चढवून दोन्ही हात पुढे धरले आणि हवेतच क्लच दाबला, ब्रेक दाबला. "दाबला जातोय," मला म्हणाले. इतके खूश! ते दाबत होते तो ब्रेक आता कुणा दुसऱ्याच्या हाताखाली होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पळाले नाही. उलट हातमोज्यांबरोबर दुकानातलं चांगल्यातलं चांगलं जॅकेटही घेतलं. बाबा म्हणत होते, "अगं, एवढं कशाला?" मी म्हणाले, "राहू द्या हो." प्रेमानं घेतलं असं कुणाला वाटेल. लाच होती ती.

रोज ठरवायची, आज सांगायचं. मग म्हणायची, आज पाऊस आहे, बाहेर पडता येणार नाही, घरात कोंडून बसतील. कधी म्हणायची, मुलीची परीक्षा आहे. जायच्या आधी त्यांचा रक्तदाब कशाला वाढवायचा, हे तर अगदीच सोयीचं कारण सापडलं. विमानतळावर त्यांनी जॅकेट हातावर घेतलं होतं. "बॅगेत चुरगळेल," म्हणाले. मी वाकून नमस्कार केला आणि तशीच परत आले.

दुसऱ्या दिवशी दादाचा मेसेज आला. "बाबांना सांगितलं. मी माझ्यावर घेतलंय, तू काही बोलू नकोस. तू लांब आहेस, तुझ्यावर रुसले तर समजूत कोण काढणार? माझ्यावर रुसले तरी जेवायला समोरच बसतात."

मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन मीटिंगला गेले. दादाला उत्तर पाठवलं, "थँक्स." वर तोंड करून थँक्स म्हणाले मी!

आठवडाभरानं बाबांचा फोन आला. मी मनाशी म्हणत होते, चिडा हो बाबा, एकदा चांगले ओरडा. पण त्यांचा आवाज शांत होता.

"गाडी विकली दादानं. कळलं असेल तुला."

"हो."

"बोलत नाही मी त्याच्याशी. इतकी वर्षं एका घरात राहून त्याला बाप कळला नाही." मग म्हणाले, "आता कट्ट्यावर रिक्षानं जातो. दोन्ही बाजूंनी वारं येतं गं रिक्षात. तुझं जॅकेट घालतो, तिकडच्यासारखं उलटं. सगळे हसतात. मी सांगतो, माझ्या लेकीनं दिलंय. मी गाडी चालवावी असं निदान तिला तरी वाटत होतं."

तिकडे मागे दादाचा आवाज ऐकू आला, "बाबा, चहा ठेवलाय." बाबांनी त्याला उत्तर दिलं नाही.

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. आत्ता.

"बाबा," मी म्हणाले, "कानटोपी पण घालत जा."