वाफ्यावरची सायकल

"मावशी, चेहरा नको. फक्त पाय."

असं म्हणून त्या पोराने कॅमेरा खाली नेला. मी मिठागराच्या बांधावर उभी होते. साडी पोटरीपर्यंत वर धरायला सांगितली होती. भोवती सगळे पुरुष. मी मान खाली घातली. एक जण म्हणाला, "भेगा मस्त आल्यात." बाकीचे हसले.

साहेब मंत्री झाले म्हणून त्यांच्या आयुष्यावर फिल्म काढत होते. मिठागरातून मंत्रालयात. माझे पाय त्यांच्या आईचे म्हणून दाखवणार होते. त्यांची आई मी पाहिली आहे. ती कधी चिखलात उतरली नाही. मिठागर त्यांचंच होतं. राबत होतो आम्ही.

पाय दिले. चारचौघांत मला बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच.

मग नाना पुढे आला. साहेबांचा गावातला माणूस. "आता येवढंच बोल गो वयनी. साहेब लहानपणी आमच्यासंगती चिखल तुडवायचे. बस."

चिखल.

पाऊस सरला की मिठाचे वाफे तयार करायचे. चिखल पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा. मग त्यावर कोणी चप्पल घालूनही जायचं नाही. मी लहान असताना एका वर्षी आई-बाबांनी एक वाफा पुरा केला होता. साहेब तेव्हा माझ्याएवढे. त्यांना नवी सायकल आणली होती. ती त्यांनी वाफ्यात घातली. गोल गोल फिरवली. सगळा वाफा उखडला.

आई म्हणाली, "नको रे बाला."

मालक, म्हणजे साहेबांचे वडील, छत्री धरून उभे होते. "मुलगा आहे, खेळणारच. तुमचे पाय कशाला आहेत? या पोरीलाही उतरव."

चौथी पास होऊन मी पाचवीला जायला लागले होते. शाळेच्याच कपड्यात होते. दप्तर बांधावर ठेवलं आणि उतरले. साहेब सायकलवर बसून बघत होते. म्हणाले, "नाच गो, जोरात नाच."

त्यानंतर शाळेत गेले नाही. रोज चिखलात.

"बोल ना," नाना म्हणाला. "पोरगा रोह्याला कंपनीत हाय ना तुझा? कोणी लावला?"

मी साडी खाली सोडली.

"नाय," मी म्हणाले. "त्यांनी नाय तुडवला. त्यांनी सायकल घातली."

पोराने कॅमेरा बंद केला. नाना हसला. "वयनीला ऊन लागलं रे. पानी द्या." पाणी मी घेतलं नाही.

मुलगा पहिली शिफ्ट करून आला तेव्हा त्याला नानाचा फोन येऊन गेला होता. "आये, नुसतं व्हय म्हटलं असतंस तर काय झिजलं असतं तुझं?" तो जेवला नाही. त्याचंही खोटं नाही. कंत्राटाची नोकरी. उद्या गेटवरून परत पाठवतील. मला भीती वाटते. हे लिहितानाही वाटते.

पण पाय त्यांनी नेलेच. पेणला मैदानात मोठा पडदा लावून फिल्म दाखवणार आहेत. बायकांना न्यायला टेम्पो येणार आहे. मी त्याच टेम्पोतून जाणार. पुढे बसणार. पडद्यावर ते पाय आले की उभी राहणार. पाय माझे आहेत, आणि चिखलात मला त्यांच्या सायकलीने उतरवलं, एवढं बोलणार. माईक देणार नाहीत. नको.

मुलाला सांगून ठेवलं आहे. तो माझ्याशी बोलत नाही.

तरी जाणार.