आमी बरे हाव

जगात एकवचन नावाची काही चीज असते, हे सरावली गावातल्या आमच्या घरमालक काकांना कुणी सांगितलंच नसावं. सकाळी दात घासत मी ओट्यावर आलो की काका शेजारच्या त्यांच्या ओट्यावर बाकड्यावर बसलेले असत. "काय काका, कसं काय?" म्हटलं की ठरलेलं उत्तर येई, "आमी बरे हाव." बरे नसले तर, "आमाला बरं नाय." पहिले आठ-दहा दिवस मला वाटलं, जुन्या इतमामाचं घराणं असेल, स्वतःला बहुवचनात घ्यायची सवय असेल. पण एका सकाळी, "काल आमी तुमच्या दारात ओकलो, वैनींना सांगा पाय जपून टाका," असं ते अत्यंत शांतपणे म्हणाले आणि माझा ब्रश तोंडातच राहिला. मी वाकून पाहिलं. बाकड्याखाली एक पिवळट, केसाळ ऐवज पसरला होता आणि त्याची शेपटी ओशाळल्यासारखी हलत होती. काकांच्या 'आमी'त दोघं राहत होते, आणि त्यातल्या कुणाचं काय दुखतंय हे ऐकणाऱ्याने ओळखून घ्यायचं होतं.

साठ-पासष्ट सालाच्या पुढची ही गोष्ट. तारापूरकडे मोठं बांधकाम निघालं होतं आणि मी तिथे नकाशे काढायच्या नोकरीवर लागलो होतो. नवीन लग्न झालेलं, बोईसरला जागा मिळेना, तेव्हा काकांनी आपल्या घराचा अर्धा भाग आम्हाला दिला. मध्ये नुसता कूड. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे माझ्या बायकोने "सत्य आहे" म्हणावं, इतका शेजार. काकांची मागे छोटी वाडी होती, माड, चिकू, थोडी भाजी. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. काका मला कधी नावाने हाक मारत नसत, मी 'नकाशेवाले'. कुत्र्याचं नाव गोळ्या. पिल्लू घरी आणलं तेव्हा सोललेल्या ताडगोळ्यासारखं पांढरं आणि थुलथुलीत होतं म्हणे, त्या ताडगोळ्याचा गोळ्या झाला. मी पाहिला तेव्हा मात्र हा ताडगोळा पार निबर झालेला होता.

गोळ्याला काय होत होतं ते सांगायला बसलो तर दिवस पुरणार नाही. तो लंगडायचा, पण कोणत्या पायाने ते त्याचं त्यालाच ठाऊक नसे. सोमवारी पुढचा डावा उचलून चालणारा गोळ्या गुरुवारी मागच्या उजव्यावर रुसलेला असे. एका डोळ्यातून पाणी यायचं, ते थांबलं की दुसऱ्यातून सुरू व्हायचं. पाठीवरचे केस गेले, मग भलत्याच रंगाचे उगवले, मग तेही गेले. भर उन्हाळ्यात तो कुडकुडायचा. बसण्याआधी स्वतःभोवती इतक्या फेऱ्या मारायचा की आपण कशासाठी फिरतोय हेच विसरून उभ्या उभ्या झोपायचा. कानांनी ठार बहिरा, पण काकांनी आत सुक्या बोंबलाच्या डब्याला नुसता हात लावला तरी वाडीच्या टोकाहून धावत यायचा, आणि त्या वेळी चारही पाय ठणठणीत असायचे. या कशालाच कारण सापडत नव्हतं. काका मात्र प्रत्येक दुखण्याशी मनापासून वागत. गोळ्या ज्या पायाने लंगडे, त्या पायाने काकाही थोडे लंगडत. दोघांना वाडीतून परत येताना पाहिलं की माझ्यासारख्या सरळ रेघा मारून पोट भरणाऱ्या माणसाला गरगरायचं.

झोपायला त्याने जागा निवडली होती ती नेमकी रस्त्याच्या मधोमध. बांधकामाचे ट्रक खडी घेऊन त्या रस्त्याने सारखे धावत. एकदा एका ट्रकवाल्याने भोंगा वाजवून वाजवून शेवटी खाली उतरून विचारलं, "चाचा, आपका कुत्ता बहरा है क्या?" काका ओट्यावरूनच म्हणाले, "हम भैरा नई. हम सोया है." त्या बिचाऱ्याने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा कुत्र्याकडे, आणि ट्रक कडेच्या गवतातून घातला. पुढे सगळेच ट्रक तिथून वळसा घालून जाऊ लागले आणि आमच्या दारासमोर रस्त्याला एक अधिकृत वळण पडलं. माझ्या कचेरीतल्या कुठल्याही नकाशात ते नव्हतं.

काकांचा जन्माचा वैरी म्हणजे "वय झालं" हा शब्द. ज्याला ज्याला गोळ्या दाखवला तो तो हेच म्हणायचा, आणि काका भडकायचे. "वय काय रोग हाय? मग अवषध द्या वयाचं!" एकदा कुणीतरी पालघरच्या बाजूला राहणाऱ्या गुरांच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. एसटीत कुत्रा घेईनात, तेव्हा काकांनी बैलगाडी जोडली, गवतावर पोतं अंथरून गोळ्याला निजवलं आणि सल्लामसलतीला मला शेजारी बसवलं. डॉक्टर दारातच भेटले. "काय होतंय?" त्यांनी विचारलं. "आमचे पाय धरलेत, डोळ्यातून पाणी गळतं," काका म्हणाले. डॉक्टर म्हणजे कामाचा माणूस. त्यांनी ताबडतोब डाव्या बैलाचा जबडा उघडला, पापणी वर केली, खूर तपासला आणि आपल्या गड्याला नळीने औषध पाजायला लावलं. बैल निरोगी होता, त्याला हा अन्याय सहन झाला नाही. तो उधळायच्या बेताला आला तेव्हा कुठे काका म्हणाले, "ते आमचं नाय. ते गाडीचं हाय. आमी मागं निजलोय." डॉक्टरांनी मागे येऊन गोळ्याला पाहिलं आणि ते म्हणाले, "याचं वय झालंय." परतीच्या वाटेवर काका कुणाशी बोलले नाहीत, एका बैलाखेरीज.

मग त्या वर्षी थंडीच्या तोंडाशी काकांना खोकला लागला. काही दिवसांनी गोळ्यालाही लागला. दिवेलागणीला कुडापलीकडे आधी काकांची मोठी ढास यायची, आणि ती संपते न संपते तोच बाकड्याखालून बारीक ढास यायची. काका स्वतःसाठी कधी डॉक्टरकडे गेले नव्हते आणि जाणारही नव्हते. "आमी अवषध घेत नाय," हा त्यांचा बाणा. पण गोळ्या खोकतोय म्हटल्यावर ते हलले. बोईसरला एका तरुण डॉक्टरने नुकताच दवाखाना थाटला होता. माणसांचा. गोळ्याला पायरीवर बसवून काका मला घेऊन आत गेले.

"काय होतंय आजोबा?"

"आमाला खोकला हाय. दिवेलागणीला सुरू होतो."

"आणखी?"

"केस जातात."

डॉक्टरने काकांच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहून सहानुभूतीने मान हलवली. "झोप लागते?"

"लागते की. आदी आमी गोल गोल फेऱ्या मारतो, मग पडतो."

"म्हणजे चक्कर येते?"

"चक्कर नाय. सवय हाय."

"बरं. लघवीला?"

"माडापर्यंत पोचवत नाय आता. दारातच होते."

डॉक्टर भराभर लिहीत होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण इतकी मजा मला त्या गावात आल्यापासून आली नव्हती.

"आणि परवा आमी पोस्टमनला चावलो."

लेखणी थांबली. डॉक्टरने खुर्ची किंचित मागे सरकवली आणि माझ्याकडे पाहिलं. "हे... चावले?"

"चावलो म्हंजे काय," काका खिन्नपणे म्हणाले, "दातच नाय ऱ्हायले. नुसती पाटलोण ओली केली."

मी पायरीवरून गोळ्याला उचलून आत आणलं तेव्हा डॉक्टर डोळे पुसत हसला. मग त्याने विचारलं, "पण खोकला नक्की कुणाला?" "दोगांना," काका म्हणाले. डॉक्टर तरुण असला तरी चतुर होता. "मग आधी तुम्हाला तपासतो, म्हणजे तो घाबरणार नाही," असं म्हणून त्याने काकांच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग गोळ्यालाही लावली. बाटलीत लाल औषध भरून, कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून तो म्हणाला, "दोन चमचे तुम्हाला, अर्धा त्याला, रोज संध्याकाळी. आणि या गोळ्या..."

"गोळ्या एकच हाय," काकांनी दुरुस्ती केली.

निघताना डॉक्टरने माझी बाही धरली. "कुत्र्याच्या छातीत मला तरी काही ऐकू आलं नाही. अर्ध्या चमच्याने त्याचं बरंही होणार नाही आणि वाईटही. पण म्हाताऱ्यांची छाती चांगली नाही. औषध रोज पोटात गेलं पाहिजे, नाहीतर थंडी काढणं जड आहे."

पहिल्याच संध्याकाळी गोळ्याने दात, म्हणजे होते तेवढे, घट्ट मिटून घेतले. काकांनी विनवलं, दटावलं, बोंबलाचं आमिष दाखवलं. शेवटी वैतागून त्यांनी स्वतःचे दोन चमचे घशात ओतले आणि जीभ बाहेर काढून दाखवली, "बघ! आमी घेतलं. मेलो काय?" गोळ्याने ती लाल जीभ नीट निरखली आणि मग काकांच्या तळहातावरचं अर्धा चमचा औषध मुकाट्याने चाटलं. तेव्हापासून तो नेमच झाला. काकांनी घेतल्याशिवाय गोळ्या घेणार नाही, आणि गोळ्याला द्यायचं म्हणून काका घेणार. माझी बायको त्यांच्यासाठी गुरगुट्या भात करी, तो दोघं एकाच वेळी खात. बाटली संपली की मी बोईसरहून भरून आणी. थंडी आली आणि गेली, दुसरीही गेली. खोकला पार गेला नाही, पण वाढलाही नाही. दुखणी रोज नवी निघत होती आणि दोघं मजेत होते. एकदा बायकोने कौतुकाने म्हटलं, "काका, तुमची दोघांची जोडी छान आहे हो." काका म्हणाले, "आदी आमी तिघं होतो." आणि सुरीने चिकू सोलत बसले.

तिसऱ्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती. दुपारी उन्हात गोळ्याने बसण्याआधीच्या फेऱ्या मारायला सुरुवात केली, त्या दिवशी त्या थोड्याच मारल्या आणि तो बसला. पुन्हा उठला नाही. कशाने गेला तेही कुणाला कळलं नाही. चिकूखाली आम्ही त्याला ठेवला. काकांनी स्वतः माती लोटली, हात धुतले आणि बाकड्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर आलो. सवयीने तोंडातून निघून गेलं, "काय काका, कसं काय?"

त्यांनी तोंड उघडलं. "आ..." म्हणाले आणि थांबले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी बरा हाय."

व्याकरणाने अगदी शुद्ध वाक्य. शुद्ध वाक्य ऐकून मला एवढं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. बायको दारात चहा घेऊन आली होती, ती तशीच आत गेली.

ट्रक अजून वळसा घालूनच जात होते. फळीवरची लाल बाटली मात्र होती तिथेच राहिली. मी आठवण करून दिली की काका म्हणत, "मी अवषध घेत नाय." रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. हवेत गारवा यायला लागला. कुडापलीकडे दिवेलागणीला मोठी ढास सुरू व्हायची आणि संपल्यावर आम्ही नवराबायको नकळत बारीक ढाशीची वाट बघायचो. ढास रोज थोडी लांबत होती. डॉक्टरचं बोलणं मला आठवत होतं, बायकोलाही मी ते सांगितलं होतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्ही जा बघू. काहीतरी करा."

मी पलीकडे गेलो. फळीवरची बाटली आणि चमचा घेतला आणि काकांच्या पायाशी, बाकड्याच्या कडेला खाली बसलो.

"काका," मी म्हणालो, "आम्हाला खोकला झालाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या वर्षी साधी शिंकही आली नव्हती, हे मध्ये नुसता कूड असल्याने त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"मंग घ्या अवषध."

"तुम्ही घेतल्याशिवाय आम्ही घेणार नाही," मी म्हणालो, आणि दात घट्ट मिटून घेतले.

काकांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांची हनुवटी हलायला लागली. हसताहेत की रडताहेत ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं. "नकाशेवाले," ते म्हणाले, "तुमाला शेपटी कुटं हाय?" आणि बाटली माझ्या हातातून घेतली. दोन चमचे घेतले, जीभ बाहेर काढून दाखवली. "बघा. आमी घेतलं." मग अंगवळणी पडलेल्या हाताने अर्धा चमचा औषध त्यांनी माझ्या तळहातावर ओतलं.

ती थंडी काकांनी काढली. पुढचीही काढली, आणि त्याच्या पुढचीही. मी रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की आधी तिकडे जाऊन खोकत असे. नंतर माझी बदली झाली तेव्हा हे काम माझ्या जागी आलेल्या भाडेकरूला मी नीट समजावून दिलं, आणि त्यानेही ते केलं.

त्या औषधाची चव अजून माझ्या जिभेवर आहे. इतकं कडू काही मी आयुष्यात दुसरं चाखलं नाही. पहिल्या संध्याकाळी ते चाटताना मी चिकूच्या झाडाकडे पाहिलं आणि डॉक्टरचं ते आधीचं वाक्य मला एकदम आठवलं, कुत्र्याच्या छातीत काही ऐकू आलं नाही हे. गोळ्याची बाकीची दुखणी खरी असतील, नसतील. पण मला वाटतं, खोकला त्यालाही नव्हता.