शंकाबाईंच्या लेकीचं बाळंतपण

प्रसूतिगृहं सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासणं ही तिची नोकरी होती आणि संशय घेणं हा स्वभाव. आरोग्य खात्याला हा स्वभाव पगाराबाहेर, फुकटात मिळाला होता. वॉर्डावॉर्डांतून आपल्याला पाठीमागे शंकाबाई म्हणतात, असा तिला संशय होता. तोही खरा निघाला होता.

चकाचक वॉर्ड दिसला की ती आधी खाटांखाली वाकून बघायची. "आमच्याकडे वर्षभरात काहीच चुकलं नाही," असं कुणी म्हणालं की ती खुर्ची ओढून ऐसपैस बसायची. घरीही तेच. गॅस बंद केला असं नवरा म्हणाला, तरी ही उठून बघून यायची. याबद्दल कुरकुर करणं त्याने अलीकडे सोडलं होतं. त्यामागे काय आहे, याचाही ती शोध घेत होती.

अशात लेकीला दिवस गेले. विहीणबाईंनी दवाखाना परस्पर ठरवून टाकला. काचेची दारं, दारात कुंड्या, आत मंद संगीत.

"तिथे आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही हो. मी स्वतः चौकशी केलीय."

"कुणाकडे?"

"त्यांच्याकडेच."

तिघी बघायला गेल्या. तिथल्या मेट्रनने पडद्यांपासून सुरुवात केली. शंकाबाईने सरळ अंबू बॅग मागितली. जन्मल्यावर बाळाने श्वास घेतला नाही, तर तोंडावर मास्क धरून हाताने दाबायचा तो रबरी फुगा. मेट्रनने काचेच्या कपाटाचं कुलूप काढलं. फुगा कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये जसाच्या तसा होता. पाहुण्यांसाठी जपलेल्या कपबश्यांसारखा.

"उघडलाच नाही कधी?"

"खराब होईल ना, मॅडम."

"आणि लागला तर?"

"लागतच नाही. आमची बाळं जन्मताच रडतात."

विहीणबाईंनी 'बघा!' अशा नजरेने शंकाबाईकडे पाहिलं. शंकाबाई कुलपाकडे बघत होती.

"आई, तुला पसंत पडेल असा दवाखाना अजून बांधायचा आहे," लिफ्टमध्ये लेक म्हणाली. "तोवर मी थांबून राहू का?"

दुसरं ठिकाण शंकाबाईच्या रोजच्या फेरीतलं. भिंतींचे पोपडे उडालेले, बाकडी करकरणारी. आत नव्याने आलेली, चष्म्याला दोरी बांधलेली एक सिस्टर, टेबलावर रबरी बाहुली ठेवून दोन नर्सना झापत होती.

"छाती वर आली का? नाही आली. म्हणजे बाळ गेलं. पुन्हा कर."

फुगा बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरशेजारी खिळ्याला लटकत होता, हाताळून हाताळून मळकटलेला. शंकाबाईने तोंड उघडायच्या आत सिस्टरच म्हणाली, "मॅडम, मागच्या आठवड्यात एक बाळ गार पडलं आमच्याकडे. वॉर्मर आधीपासून तापवून ठेवला नव्हता. आता बरं आहे, पण चूक आमचीच. आता बाईला टेबलावर घेतलं की पहिलं बटण वॉर्मरचं."

शंकाबाई सावध झाली. न विचारता कबूल करणारं माणूस तिने उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. ही एवढं सांगतेय, म्हणजे याहून मोठं काहीतरी झाकतेय. तिने बेसिनखाली पाहिलं, औषधांवरच्या तारखा पाहिल्या, गाद्या उचलून पाहिल्या. काहीच सापडेना, तसा संशय आणखी वाढला.

"मी इथेच येणार," लेक म्हणाली.

"इथे?" विहीणबाई किंचाळल्याच. "अगं, या बाई स्वतःच्या तोंडाने चुका सांगतायत!"

"अहो आई, तिथल्या बाळांना रडायचं कसं ते आधीच माहीत असतं. माझ्या बाळाचं काय सांगावं?"

आणि बाळाने आईचं ऐकलं. बाळंतपणाच्या दिवशी भर दुपारी, बाहेर दोघी विहिणी बाकड्यावर बसलेल्या असताना, आतला आरडाओरडा थांबला आणि मागोमाग यायचा तो रडण्याचा आवाज आलाच नाही. इतकी वर्षं असल्या दारांतून न विचारता आत शिरणारी शंकाबाई जागची हलू शकली नाही. कपड्याने खसाखसा पुसल्याचा आवाज. सिस्टरचा आवाज, "छोटा मास्क!" ड्रॉवरचा खडखडाट. "मेला हा ड्रॉवर!" मग नुसती शांतता, आणि तिच्यात कुणीतरी संथपणे म्हणतंय, "दाब... सोड. दाब... सोड." विहीणबाईंनी तिचा हात घट्ट धरला होता. आयुष्यात पहिल्यांदाच, 'कशासाठी?' असा प्रश्न तिला पडला नाही.

मग एक बारीक, चिडका सूर उमटला.

सिस्टर घाम पुसत बाहेर आली. "मुलगी. दोघी ठीक आहेत. रडायला तिने उशीर केला, आणि मास्क काढायला आम्ही. ड्रॉवर अडकला. आजपासून मास्क बाहेरच टांगते."

"अहो, हे कशाला सांगायचं आता?" विहीणबाई कळवळून म्हणाल्या.

शंकाबाई आत गेली. नातीची छाती वरखाली होताना बराच वेळ बघत राहिली. लेकीच्या कपाळावरून हात फिरवला. आणि मग राहवेना, तशी वॉर्मरच्या बाजूला जाऊन तिने ड्रॉवर ओढला.

"आई, आता काय बघतेस?"

तिने आणखी जोर लावला. ड्रॉवर हलेना.

"खरंच अडकतोय गं," ती म्हणाली आणि तिथेच, ड्रॉवरला धरून, रडू लागली.